कळांच्या वेळी जवळची बाई

गाय विणार असली म्हणजे शेतकरी रात्रभर गोठ्यातून हलत नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवितो, पाणी दाखवितो. घरची सून मात्र दवाखान्यात दाराआड एकटीच कळा सोसते आणि सासू बाहेर व्हरांड्यात बसून राहते. शेतीखात्याच्या माणसाने या विषयावर का लिहावे, असे कोणी विचारील. गावोगाव फिरताना असे व्हरांडे पुष्कळ पाहिले, म्हणून.

बाळंतपण दवाखान्यातच व्हावे, याबद्दल दुमत नाही. पण घरातून दवाखान्यात जाताना जवळची बाई मागे राहिली. परदेशात अशा सोबतिणीला ‘डूला’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सेविका.

ग्वाटेमाला देशातील एका दवाखान्यात डॉ. क्लाऊस, डॉ. केनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलटकरणींची पाहणी केली. ती १९८० साली प्रसिद्ध झाली. अडचण न येता बाळंत झालेल्यांत, एकट्या राहिलेल्या बायांना दाखल झाल्यापासून सरासरी १९ तास लागले; जवळ एक बाई सतत बसलेल्यांना सुमारे ९ तास. ती बाई नात्याची नव्हती, शिकलेली नर्सही नव्हती! पाहणी लहान होती खरी. परंतु पुढे अनेक देशांतील पाहण्यांतही सोबतीमुळे कळांचा काळ काहीसा कमी होतो व शस्त्रक्रियेची वेळ कमी येते, असे आढळले.

ही बाई करते काय? कंबर चोळते, हाताला धरून फिरविते, नर्सबाईंना विचारून घोटभर पाणी पाजते, धीर देते. भीती कमी झाली की अंग सैल पडते. तपासणी, औषध, इंजेक्शन हे तिचे काम नव्हे. पोट तर तिने मुळीच दाबू नये.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत अशी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली. ती स्वतः बाळंतपण झालेली असावी, तिला संसर्गाचा रोग नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबण्याची तयारी असावी आणि तिने कामात ढवळाढवळ करू नये, अशा अटी आहेत.

सातव्या महिन्यातच सोबतीण ठरवावी व तपासणीच्या वेळी नर्सबाईंना सांगावे. कोण हवी, हे सुनेलाच विचारावे. तिला सासूपेक्षा जाऊ किंवा मावशी जवळची वाटली तर राग मानू नये. आणि त्या दिवशी सोबतिणीच्या घरच्या गुरांना वैरण कोण घालणार, तेही आधीच ठरवावे; नाहीतर ती बिचारी धारा काढायला निम्म्यातूनच उठून येते.