पार्सल चुकलं तर जबाबदार कोण? हॉटेल की ॲप?

रामदासपेठेतल्या हॉटेलातून ॲपवर पनीर मागवलं आणि आलं चिकन. भरपाई कोण देणार?

२०१९ मध्ये पुण्याच्या ग्राहक मंचासमोर असंच प्रकरण आलं. झोमॅटोने हॉटेलकडे बोट दाखवलं. मंचाने दोघांनाही जबाबदार धरून ५५ हजार रुपये द्यायला लावले.

अन्नातून विषबाधा झाली तर? अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ६५ नुसार मृत्यू झाल्यास किमान ५ लाख रुपये भरपाई आहे. आगीचा विमा इथे उपयोगाचा नाही. लायबिलिटी विमा लागतो. पार्सल घरी खाल्लं जातं. म्हणून हॉटेलमालकांनो, पॉलिसीत हॉटेलबाहेर खाल्लेलं अन्नही धरलंय का, ते आधी तपासा.

आणि ग्राहकांनो, बिल आणि फोटो जपून ठेवा. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन : १९१५.