पंचवीस चेंडूंची तक्रार

डंक स्पर्धेवर लिहितो, असं गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं. ते आज होत नाही. सांगलीच्या एका वाचकाचा ईमेल आला आणि सगळा आठवडा थ्री-पॉइंट शूटआउटमध्येच गेला.

त्यांनी मित्रांना आणि नातेवाइकांना धरून ‘बास्केटबॉल जीएम’ या कॉम्प्युटर गेमवर (जीएम म्हणजे संघाचा जनरल मॅनेजर) लीग काढली आहे. ही लेखमाला वाचूनच काढली म्हणतात, तेव्हा पापाचा वाटा माझ्याकडेही येतो. त्यांच्या संघात लीगमधला सर्वांत भरवशाचा तीनचा नेमबाज आहे. तो सलग चार ऑल-स्टार वीकेंडना शूटआउटमध्ये उतरला आणि चारही वेळा हात हलवत परत आला. एकदा तर कुणाच्या तरी बाकावरचा, नावही लक्षात न राहणारा गडी जिंकून गेला. आता त्यांना संशय येतोय: सॉफ्टवेअरमध्ये गडबड आहे की कमिशनर काही करामत करतोय? कमिशनर त्यांचा मेहुणा आहे, हे पत्रात अगदी शेवटी येतं. त्यामुळे उत्तर जरा जपून द्यायला हवं.

मेहुणा निर्दोष आहे. पुरावा देतो.

सॉफ्टवेअरच्या पोटातलं सूत्र क्षणभर बाजूला ठेवू. आमच्या लीगचा कमिशनर मूळचा डोंबिवलीचा, आता न्यू जर्सीत असतो. तो शूटआउट एका साध्या एक्सेलवर खेळवतो, ते डोळ्यांसमोर आणा. तीनच्या रेषेवर पाच रॅक, प्रत्येक रॅकवर पाच चेंडू. पहिल्या चार चेंडूंना एकेक गुण, पाचव्या रंगीत मनी बॉलला दोन. चेंडू पंचवीस, गुण जास्तीत जास्त 30. (एनबीएनं 2014 मध्ये एक अख्खी रॅक मनी बॉलची केली, 2020 मध्ये लांबून मारायचे दोन चेंडू आणले आणि कमाल 40 वर नेली. हिशेब समजायला जुना नियमच बरा.) कमिशनर खेळाडूच्या रेटिंगवरून एक टक्केवारी ठरवतो. एक्सेल प्रत्येक चेंडूमागे शून्य ते एकमधला कुठलाही एक आकडा काढतं. तो टक्केवारीपेक्षा लहान निघाला तर चेंडू जाळीत, नाहीतर कडीवर आपटून बाहेर.

समजा, आपल्या सांगलीकरांचा गडी 60 टक्क्यांचा आहे. बाकी सातजण 55 चे. मोकळ्या कोर्टवर, अंगावर कुणी धावून येत नसताना हे आकडे पटण्यासारखे आहेत. 60 टक्केवाल्याची सरासरी येते 18 गुण, 55 टक्केवाल्याची साडेसोळा. म्हणजे लीगमधला सर्वांत मोठा नेमबाज आणि बाकीचे यांच्यात फरक दीड गुणाचा, एका मनी बॉलपेक्षाही कमी. आणि चढउतार? 18 सरासरीच्या खेळाडूची साधारण चारातली एक फेरी 14 किंवा त्याहून खाली जाते, नाहीतर 22 किंवा त्याहून वर. दीड गुणाची आघाडी एवढ्या हेलकाव्यात कुठे टिकणार?

दोघेच समोरासमोर असते तर आपला गडी शंभरात साठ-बासष्ट वेळा जिंकला असता. पण इथे आठजण उतरतात, तिघे अंतिम फेरीत जातात आणि तिथे गुण पुन्हा शून्यापासून. हीच स्पर्धा मी लॅपटॉपवर हजारो वेळा चालवून पाहिली. सर्वोत्तम नेमबाज चारातून जेमतेम एकदा जिंकतो. उरलेल्या तीन वेळा बाकी सातांपैकी कुणीतरी. आता चारही वर्षं हरण्याची शक्यता काढा: तीन चतुर्थांश चार वेळा गुणायचे, उत्तर सुमारे 32 टक्के. दर तीन लीगमागे एका लीगमध्ये असा कमनशिबी निघणारच. यंदा तो सांगलीत निघाला.

यावर कुणी विचारेल, मग लॅरी बर्डचं काय? एनबीएनं 1986 मध्ये डॅलसला ही स्पर्धा सुरू केली आणि बर्डनं पहिल्या तीनही जिंकल्या. दर वर्षी 25 टक्के धरले तर सलग तीनची शक्यता चौसष्टात एक. म्हणजे एकतर बर्ड आमच्या एक्सेलमधल्या साठवाल्यापेक्षा बराच वरचा होता, नाहीतर दैव त्याच्या बाजूला होतं. माझं मत पहिल्या पर्यायाकडे झुकतं. पण 1986 च्या त्याच स्पर्धेतला दुसरा आकडा बघा. मिलवॉकीचा क्रेग हॉजेस पहिल्या फेरीत 25 गुण करून गेला आणि अंतिम फेरीत बर्डसमोर 12 वर आटोपला. बर्ड 22. माणूस तोच, चेंडू तेवढेच, दिवस तोच. स्पर्धेआधी ड्रेसिंग रूममध्ये येऊन, दुसरा नंबर कोणाचा येणार, असं बर्डनं सगळ्यांना विचारलं होतं, ही गोष्ट अमेरिकेत आजही चघळली जाते. हॉजेसच्या त्या 12 मध्ये बर्डच्या तोंडाळपणाचा वाटा किती आणि नुसत्या हेलकाव्याचा किती, हे सांगायला एक्सेलमध्ये रकाना नाही.

हॉजेसवरून आणखी थोडं, कारण हा माझा आवडता माणूस. पुढे शिकागोत आल्यावर त्यानं 1990, 1991 आणि 1992 अशी सलग तीन विजेतेपदं घेतली. 1991 मध्ये एका फेरीत सलग 19 चेंडू जाळीत घातले. 1992 च्या मोसमानंतर शिकागोनं त्याला सोडलं आणि दुसऱ्या कुणी घेतलं नाही. तरीही 1993 च्या शूटआउटला तो आला, कारण विजेता होता. अंगात कुठल्याच संघाची नाही, नुसत्या एनबीएची जर्सी. त्याच्या राजकीय मतांमुळे संघांनी त्याला दूर ठेवलं, असा दावा त्यानं नंतर कोर्टात केला. आमच्या लीगमध्ये ‘हॉजेस नियम’ आहे: गतविजेता फ्री एजंट असला तरी त्याला बोलवायचंच. सॉफ्टवेअर आपणहून हे करत नाही, कमिशनरला हातानं नाव घालावं लागतं. मला विचाराल तर आमच्या लीगमधला सर्वांत सुंदर नियम हाच.

त्या सलग 19 चेंडूंनीच आमच्याकडे यंदा भांडण लावलं.

प्रस्ताव असा आला की, लागोपाठ तीन चेंडू पडले की पुढच्या चेंडूची टक्केवारी थोडी वाढवायची. कारण खेळाडू ‘गरम’ होतो, हे प्रत्येक बास्केटबॉलवाल्याला ठाऊक आहे. आता या ठाऊक असण्यावर चाळीस वर्षं वाद चाललाय. 1985 मध्ये थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि अमोस ट्वर्स्की या तिघांनी फिलाडेल्फियाच्या संघाचे आणि कॉर्नेल विद्यापीठातल्या खेळाडूंचे फटके तपासून सांगितलं की, गरम हात हा भास आहे. एक चेंडू पडल्यावर दुसरा पडण्याची शक्यता वाढताना दिसत नाही. सेल्टिक्सच्या रेड आउअरबाखनं तो अभ्यास उडवून लावला. प्राध्यापकांच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की, सामन्यात गरम झालेल्याच्या अंगावर दोन बचावपटू येतात आणि तोही चेकाळून अवघड फटके मारतो. सामन्यातला आकडा गढूळच असतो. शूटआउटमध्ये मात्र तसं काही नाही. जागा ठरलेल्या, अंतर ठरलेलं, समोर कुणी नाही. 2003 मध्ये जोनाथन कोहलर आणि कॅरिन कॉन्ली यांनी नव्वदीतल्या शूटआउटचेच आकडे घेतले, आणि तिथेही त्यांना गरम हात सापडला नाही.

इथपर्यंत मी भासवाल्यांच्या बाजूनं होतो. मग जोशुआ मिलर आणि अ‍ॅडम सानहुर्हो यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. 2018 मध्ये ती ‘इकॉनोमेट्रिका’त छापून आली. तुम्ही घरी करून बघा, एक नाणं पुरतं.

नाणं तीनदा उडवा आणि छापा-काटा लिहून ठेवा. ज्या-ज्या छाप्यानंतर पुन्हा नाणं उडवलं, त्या पुढच्या उडवण्यांत छापा कितीदा आला? प्रत्येक तिकडीचं हे प्रमाण काढा. एकूण आठ तिकड्या शक्य आहेत. काटा-काटा-काटा आणि काटा-काटा-छापा यांत छाप्यानंतर उडवणंच नाही, त्या बाद. उरल्या सहा. छापा-छापा-छापा: शंभर टक्के. छापा-छापा-काटा: पन्नास. छापा-काटा-छापा: शून्य. छापा-काटा-काटा: शून्य. काटा-छापा-छापा: शंभर. काटा-छापा-काटा: शून्य. सहांची सरासरी काढा. पन्नास यायला हवी ना? येते 41.7 टक्के.

नाण्यात खोट नाही. खोट मोजण्याच्या पद्धतीत आहे. छोट्या मालिकेत छाप्यामागचा छापा असा मोजला की तो नेहमी कमी भरतो. आता उलट विचार करा. खेळाडूंच्या मालिकांत ‘पडल्यानंतर पडण्याचं’ प्रमाण आणि ‘चुकल्यानंतर पडण्याचं’ प्रमाण सारखंच आलं आणि त्यावरून गरम हात नाही असा निष्कर्ष निघाला, तर त्या सारखेपणाच्या आतच थोडा गरम हात दडलेला असणार. ही दुरुस्ती करून मिलर आणि सानहुर्हो यांनी शूटआउटचे आकडे पुन्हा पाहिले, तेव्हा गरम हात दिसला.

म्हणजे प्रस्ताव मंजूर? मी विरोधात मत दिलं. हॉजेसच्या 19 चेंडूंचंच घ्या. 60 टक्केवाल्याला पंचवीस चेंडूंच्या एका फेरीत सलग 19 पाडायचे असतील तर शक्यता जवळपास पाच हजारांत एक. तोच माणूस त्या दिवसांत मुळातच 70 टक्क्यांचा असेल तर तीनशेंत एक. मूळ टक्केवारी दहानं वाढवली की चमत्काराचा बराचसा भाग विरून जातो, गरमपणा वेगळा घालायची गरजच उरत नाही. शिवाय एकदा तो घातला की प्रत्येक हरलेला जीएम, माझा गडी थंड ठेवला, म्हणून कमिशनरच्या मागे लागेल. सांगलीला हे आधीच सुरू झालंय.

मी दुसरी मागणी केली: थकवा घाला. साठ सेकंदांत पंचवीस चेंडू म्हणजे चेंडूमागे 2.4 सेकंद, त्यातच एका रॅकवरून दुसरीकडे पळायचं. टीव्हीवर चौथ्या-पाचव्या रॅकला खेळाडूंचे पाय बघा. उडी बुटकी होते, चेंडू कडीच्या पुढच्या काठावर आपटायला लागतो. मायकेल जॉर्डन 1990 मध्ये इथे 30 पैकी 5 गुणांवर थांबला. त्या मोसमात सामन्यांत त्याचे 37.6 टक्के थ्री-पॉइंटर पडले होते. नुसत्या टक्केवारीनं चालला असता तर सरासरी अकरा-बारा गुण व्हायला हवेत, 5 किंवा त्याहून कमी हे तीसेक फेऱ्यांत एकदा. मला वाटतं, सामन्यातली उंच उडी त्या घाईत पंचवीस वेळा मारणं हेच त्याला नडलं. बर्ड तर 1988 मध्ये अंगातलं जॅकेटही न काढता जिंकला, कारण त्याच्या फटक्यात उडी नावापुरतीच.

आणि थकव्याची खरी गंमत वेगळीच आहे. 2014 च्या नियमानुसार मनी बॉलची अख्खी रॅक पाचपैकी कुठे ठेवायची, हे खेळाडू ठरवतो. सध्याच्या एक्सेलमध्ये ती कुठेही ठेवा, सरासरी तीच, कारण कुठलाच चेंडू मागच्याला ओळखत नाही. थकवा आला की प्रश्न जिवंत होतो. दमदार गड्याची आवडती जागा शेवटच्या कोपऱ्यात असेल तर धोका पत्करायचा की पाय ताजे असतानाच दुहेरी गुण उरकून घ्यायचे? जीएमला ठरवायला काहीतरी मिळतं. ‘बास्केटबॉल जीएम’मध्ये दमाचं वेगळं रेटिंग असतंच. शूटआउटच्या एक्सेलमध्ये ते आणायला आजवर कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

बारा जीएम, रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मतदान झालं. गरम हात चार विरुद्ध आठनं पडला. थकवा सात विरुद्ध पाचनं मंजूर झाला, त्याच्याबरोबर मनी बॉलच्या अख्ख्या रॅकचा, कमाल 34 गुणांचा 2014 चा नियमही. चौथ्या रॅकपासून टक्केवारी किती घसरवायची यावर मात्र अर्धा तास गेला. शेवटी कमिशनर म्हणाला, इथे सकाळ आहे, मला अजून चहाही मिळालेला नाही. दमाच्या रेटिंगप्रमाणे एक ते सहा टक्के घसरण, यंदाच्या वीकेंडपुरती, असं ठरवून सगळे उठले.

सांगलीकरांनी मेहुण्यापुढे हाच प्रस्ताव ठेवावा, पण आधी आपल्या नेमबाजाचं दमाचं रेटिंग बघून घ्यावं. पत्राबरोबरच्या तक्त्यात ते 31 दिसतंय.

डंक पुढच्या आठवड्यात नक्की. त्यासाठी आधी 1976 च्या डेन्व्हरला जावं लागेल, एबीए नावाच्या मरायला टेकलेल्या लीगकडे. तिथे सातच संघ उरले होते आणि ऑल-स्टारच्या मध्यंतरात लोकांना खुर्चीत बसवून ठेवायला काहीतरी हवं होतं. प्रश्न आलेच तर तेही त्याच भागात घेतो. ट्रेडच्या मुदतीबद्दल विचारणाऱ्या नाशिकच्या दोघांनी अजून थोडी कळ काढावी.