उस्मानिया बिस्किट आणि आमच्या आत्याबाई

हैदराबाद म्हटलं, की बायकांच्या डोळ्यांपुढे मोती, लाखेच्या बांगड्या आणि बिर्याणी येते. आम्हा उदगीरकरांना त्यात आणखी एक भर, दवाखाना! कुणाचं मोठं दुखणं निघालं, की गाडी बिदरमार्गे हैदराबादकडे वळते. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ‘नुसतं फिरायला’ निघालो, तेव्हा शेजारणीनं काळजीनं विचारलं, ‘कुणाला दाखवायचंय?’

दाखवायचं कुणालाच नव्हतं. चारमिनार, गोवळकोंडा मुलांचं शाळेच्या सहलीत बघून झालेलं. मुलीनं फर्मान काढलं, ‘या वेळी आपण बेकऱ्या बघायच्या.’ आमचे ‘हे’ म्हणाले, ‘बेकरी ही काय बघायची गोष्ट आहे?’ पण बिस्किटं यांनाच सगळ्यात जास्त आवडतात, त्यामुळे विरोध फार टिकला नाही.

खरं आश्चर्य पुढेच होतं. यांच्या आत्याबाई म्हणाल्या, ‘मीबी येते.’ वय ८६. माहेर धाराशिवजवळच्या खेड्यातलं. १९४८ मध्ये रझाकारांच्या धास्तीनं त्यांच्या वडिलांनी रातोरात बैलगाडी जुंपली आणि बायकापोरं बार्शीला पोचवली. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर. नऊ वर्षांच्या आत्याबाई धान्याच्या पोत्यांमध्ये दडून गेल्या होत्या. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, मराठवाडा मोकळा झाला, मंडळी परत आली. पण हैदराबादचं नाव काढलेलं त्यांना आयुष्यभर खपलं नाही. ‘आता कशाला येता?’ असं यांनी भीतभीतच विचारलं, तर म्हणाल्या, ‘डोळे जायच्या आत बघून घेते, कुठं राहत होता ते.’

अशी आमची वरात निघाली.

पहिला मुक्काम नामपल्लीची सुभान बेकरी. पुड्यातली बिस्किटं ओळखणाऱ्या माझ्यासारखीला तिथे अक्षरश: नवी बाराखडी शिकावी लागली. अर्ध्या चंद्रासारखं ते चांद बिस्किट, पदर सुटलेलं साखरी ते फाईन बिस्किट, गळ्यातल्या बो सारखं ते टाय बिस्किट. मोहरमच्या दिवसांत ‘दम के रोट’ मिळतात. रवा, तूप, सुकामेवा घातलेले जाडजूड. आत्याबाईंचा प्रत्येक काउंटरवर एकच प्रश्न, ‘अंडं हाय का?’ दुकानातला पोरगा न कंटाळता ‘नहीं अम्मा’ म्हणत होता.

बेकरीचं त्यांना वावडं नव्हतं बरं का! उन्हाळ्यात मैदा, साखर, डालडा असं सामान डब्यात भरून भट्टीवर न्यायचं आणि समोर बसून नानकटाई भाजून घ्यायची, हे आपल्या गावोगावच्या बायकांनी वर्षानुवर्षं केलंय. पत्र्याचा डबा डोक्यावर घेऊन येतानाचा तो वास! विकतचा पुडा आला आणि भट्टीशी असलेला आपला संबंध तुटला, असं मला वाटतं.

तिथून मोअज्जम जाही मार्केट. निजामाच्या धाकट्या मुलाच्या नावाचा हा दगडी बाजार १९३५ चा. त्याच भागात कराची बेकरी, तिची फ्रूट बिस्किटं आता आपल्याकडेही पाहुण्यांच्या पिशवीतून येतात. मुलानं पाटी मोठ्यानं वाचली आणि आत्याबाई थबकल्या. ‘कराची? पाकिस्तानची का?’ मुलीनं सांगितलं, फाळणीत सिंधमधून घरदार सोडून आलेल्या खानचंद रामनानी यांनी १९५३ मध्ये ही काढली आणि सुटलेल्या गावाचं नाव दिलं. त्या नावापायी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर बंगळूरच्या दुकानावर जमाव गेला, पाटीवरचं ‘कराची’ झाकावं लागलं. २०२५ च्या मे महिन्यात हैदराबादजवळ शमशाबादच्या दुकानाचीही मोडतोड झाली. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘रातोरातच निघाले असतील तेबी. आम्ही बार्शीहून परत तरी आलो.’ आणि पाव किलो फ्रूट बिस्किटं त्यांनी स्वत:च्या कनवटीच्या पैशातून घेतली.

पुढे अफजलगंजला मुसी नदीच्या काठी उस्मानिया रुग्णालय. तिथे एक जुनी चिंच आहे. १९०८ च्या सप्टेंबरात मुसीला महापूर आला, तेव्हा या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसं वाचली. आता रुग्णालय आणि बिस्किटाचा काय संबंध? तर रुग्णांना चहाबरोबर द्यायला, हलकं आणि अंगी लागणारं म्हणून उस्मानिया बिस्किट निघालं, अशी गोष्ट इथे सांगतात. कुणी सांगतं, निजामालाच खारट-गोड काहीतरी हवं होतं. गोष्ट कुठलीही घ्या, नाव एकाच माणसाचं, शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान. त्याच्याच नावाचं १९१८ चं विद्यापीठ आणि त्याच्याच नावाचा आपला उस्मानाबाद जिल्हा! आत्याबाईंनी मात्र जन्मभर ‘धाराशिव’च म्हटलं. सरकारी कागदावर ते २०२३ मध्ये आलं.

हे सगळं त्यांना आधी सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. संध्याकाळी चारमिनारसमोर निमरा कॅफेत पोचलो. इराणी चहा म्हणजे झाकल्या भांड्यात मुरत ठेवलेला काळा अर्क, दुसरीकडे आटवलेलं दूध, आणि पेल्यात दोन्हींची भेट. इराणहून मुंबई-पुण्याला आलेली मंडळी पुढे हैदराबादला गेली, त्यांनी ही चव रुजवली. बिस्किटांचे ट्रे भट्टीतून गरमागरमच येत होते. आणि मैत्रिणींनो, बुरख्यातल्या, सलवार-कमीजमधल्या, साडीतल्या कितीतरी बायका रस्त्यातच उभ्या राहून, कप हातात धरून निवांत गप्पा मारत होत्या! आपल्याकडे टपरीवर बाई उभी राहिली, तर चहा येण्याआधी नजरा येतात. मी मुद्दाम दुसरा कप घेतला.

आत्याबाईंना कुणीतरी खुर्ची दिली. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. वरून कुरकुरीत, आत जाताच विरघळणारं. आधी गोड, मग खारट. ‘चांगलंय की! काय म्हणतात ह्याला?’

मुलगा पटकन बोलून गेला, ‘उस्मानिया. त्या निजामाच्या नावाचं.’

बिस्किट बशीत परत गेलं. ‘हे’ माझ्याकडे बघायला लागले. आत्याबाई चारमिनारकडे बघत होत्या, की गर्दीकडे, कोण जाणे. मग त्यांनी भट्टीकडे बोट केलं. ‘ते पोरगं भाजतंय नव्हं? घामानं निथळलंय बघ. मग नाव त्याचं द्यायचं की!’ आणि उरलेला तुकडा उचलून खाल्ला. नंतर आणखी दोन.

दोन किलो घेऊन आलो. आमच्या घरी त्याला आता ‘चारमिनारचं खारं बिस्कुट’ म्हणायचं असा नियम आहे. उस्मानिया म्हटलेलं चालत नाही. डबा आत्याबाईंच्या खाटेखाली असतो आणि मुलांना मागून घ्यावा लागतो.