गच्चीवरची अँटेना आणि खाली येणारी केबल

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरमधील इमारतीच्या गच्चीवर बसवलेल्या उपग्रह-दिशादर्शन अँटेनाला मिळणारा संदेश अतिक्षीण असल्याने, तो खालच्या यंत्रापर्यंत नेणारी कोअ‍ॅक्सियल केबल, म्हणजे मध्ये तार, भोवती विद्युतरोधक थर व त्यावर धातूची जाळी असलेली केबल, विचारपूर्वक निवडावी लागते. जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर बारीक आरजी-१७४ केबलमध्ये दर मीटरला सुमारे १ डेसिबल घट होते, त्यामुळे १० मीटरनंतर संदेशाची शक्ती जेमतेम दहावा हिस्सा उरते. टीव्हीची ७५ ओहमची आरजी-६ केबल ५० ओहमच्या यंत्राशी जुळत नाही म्हणून (उगाचच) नाकारली जाते. वस्तुतः या विजोडपणाची हानी नगण्य असून आरजी-६ केबलमधील घट दर मीटरला सुमारे ०.२ डेसिबलच असते. मात्र कोकणच्या पावसात जोडात पाणी शिरल्यास उत्तम केबलही निकामी होते, म्हणून पावसाळ्यापूर्वी जोड जलरोधक टेपने गुंडाळावेत.