हिरव्याआधीचा पिवळा

दसऱ्याला टोपीत खोवतात ते घटाचे तुरे पिवळे असतात. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उगवलेल्या त्या धान्याला ऊन मिळालेले नसते, म्हणून हरितद्रव्य नाही. इथवर शाळेतले शास्त्र पोचते. पण मग पिवळा आला कुठून? रंग नुसता उणा झाला असता, तर तुरे पांढरेफटक निघाले असते.

तो पिवळा कॅरोटिनॉइडांचा, मुख्यतः ल्युटीन आणि व्हायोलाझँथिनचा. गाजर, टोमॅटो, झेंडू यांचे रंग याच घराण्यातले. पाठ्यपुस्तके त्यांची बोळवण ‘साहाय्यक रंगद्रव्ये’ एवढ्यावर करतात. कोवळ्या रोपापुरता तरी हा मला अन्यायच वाटतो.

अंधारातल्या पानांत हरितलवकाच्या जागी इटिओप्लास्ट असतो. त्याच्या पोटात पटलांच्या नळ्या जुळून स्फटिकासारखी रेखीव जाळी होते, तिचे नाव प्रोलॅमेलर बॉडी. तिच्यात पीओआर नावाचे विकर हरितद्रव्याचा कच्चा माल धरून बसलेले असते. फुलझाडांत या विकराला प्रकाश लागतोच (पाइनची रोपे अंधारातही हिरवी होतात, त्यांच्याकडे आणखी एक विकर आहे). ऊन पडले की कच्च्या मालाचे रूपांतर होते, जाळी उसवते आणि त्याच पटलांतून थायलकॉइडे उलगडू लागतात.

धोका नेमका तेव्हाच. नवे हरितद्रव्य ऊर्जा शोषते, पण ती वापरणारी यंत्रणा अजून पुरती उभी नसते. ती ऊर्जा प्राणवायूला मिळाली, तर सिंगलेट ऑक्सिजन तयार होतो आणि पटलांची नासाडी करतो. कॅरोटिनॉइडे ती स्वतःवर घेतात आणि उष्णता म्हणून सोडून देतात. कॅरोटिनॉइडे न बनवणारे प्रकाशसंश्लेषी जिवाणू प्रकाश आणि हवा एकत्र मिळताच मरतात, हे ग्रिफिथ्स, स्टॅनियर आणि सहकाऱ्यांनी १९५५मध्ये दाखवले. नॉरफ्लुराझॉन हे तणनाशकही कॅरोटिनॉइडांची निर्मितीच रोखते. रोपे उन्हात पांढरी पडतात. शिवाय प्रकाश गोळा करणाऱ्या मुख्य प्रथिनाच्या प्रत्येक एककात हरितद्रव्याच्या १४ रेणूंसोबत ४ कॅरोटिनॉइडे असतात. त्यांच्याविना प्रथिनाची घडी नीट बसत नाही.

खरी गंमत मात्र अंधारातच आहे. २००२मध्ये पॉग्सन आणि सहकाऱ्यांनी अॅराबिडॉप्सिस या वनस्पतीच्या सीसीआर२ या उत्परिवर्तित रोपांचा अभ्यास मांडला. त्यांत कॅरोटिनॉइडांचा वाकडा रेणू सरळ करणारे विकर बिघडलेले असते. परिणामी अंधारात ल्युटीनऐवजी वाकडे लायकोपीन साचते, जाळी बनत नाही, आणि उजेडात आणल्यावर रोप हिरवे व्हायला वेळ लावते. साहजिकच वाटले, ल्युटीन नाही म्हणून जाळी नाही.

२०२०मध्ये कॅझोनेली, पॉग्सन आदींच्या शोधनिबंधाने हा सरळ हिशेब मोडला. त्यांनी याच रोपात कॅरोटिनॉइडे बनवण्याच्या साखळीतली त्याआधीची आणखी एक पायरी बिघडवली. ल्युटीन तरीही आले नाही, जाळी मात्र परतली! कॅरोटिनॉइडांचे तुकडे पाडणारी विकरे रसायनाने अडवली, तेव्हाही परतली. म्हणजे दोष ल्युटीनच्या अभावाचा नव्हता. साचलेल्या वाकड्या कॅरोटिनाचा कुठलासा तुकडा निरोप्यासारखा काम करत होता आणि पीओआरचे प्रमाण न घटवताच जाळी रोखत होता. त्या रेणूची रासायनिक ओळख त्या निबंधात पटलेली नाही. लेखकांनी त्याला नुसते ‘ॲपोकॅरोटिनॉइड संदेश’ म्हटले आहे.