डबा, जाळं आणि चौदा सुपरहिरो

मार्वेच्या जेट्टीवरून बोटीत चढले तेव्हा काखेत घडी घातलेलं फ्रिजचं खोकं होतं. पिशवीत बुटांची सात रिकामी खोकी, एक जुनी साडी आणि कपडे वाळत घालायचे अडीच डझन चिमटे. खाडी ओलांडायला काही मिनिटंच लागतात. रस्त्यानं जायचं तर भाईंदर, उत्तन, गोराई असा मोठा वळसा पडतो. त्यामुळे मालाडकडून मनोरीला जाणारी माणसं, दुचाक्या, सामानाच्या पिशव्या याच बोटीतून जातात. माझ्या खोक्यांकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

माझी बहीण मनोरीत दिलेली. तिच्या मुलाला सात वर्षं पूर्ण होणार होती आणि त्याला सुपरहिरोंचा वाढदिवस हवा होता. आदल्या वर्षी अशाच एका वाढदिवसाला आम्ही एका हॉलमध्ये गेलो होतो. तिथे संगीत खुर्ची झाली. पाच वर्षांची एक मुलगी पहिल्याच फेरीत बाद झाली आणि उरलेला पाऊण तास सुपरगर्लच्या कपड्यांत भिंतीला टेकून बसून राहिली. ते मला अजून आठवतं. सुपरहिरो म्हणजे अडकलेल्याला सोडवणारा. त्याच्या नावानं वाढदिवस करायचा आणि मुलांना एकेक करून बाहेर बसवायचं, हे मला पटत नव्हतं. म्हणून बहिणीला मी एकच अट घातली: ज्यात मूल बाद होतं असा एकही खेळ नको. खर्चाची अट तिची होती. खाणं आणि केक सोडून पाचशे रुपयांच्या आत.

आधी केप. साडी साडेपाच मीटरची होती. पाऊण-पाऊण मीटरचे सात तुकडे फाडले, प्रत्येकाचे मधोमध दोन केले, चौदा केप झाल्या. मुलंही चौदाच होती. पण गळ्याशी गाठ मारली नाही. ‘द इन्क्रेडिबल्स’ या 2004 सालच्या चित्रपटात सुपरहिरोंचे पोशाख बनवणारी एडना मोड केप द्यायला साफ नकार देते, कारण केप कुठेतरी अडकते आणि जिवावर बेततं. तिचं म्हणणं अगदी खरं आहे. म्हणून आम्ही केप दोन खांद्यांवर दोन चिमट्यांनी लावली. कुठे ओढ बसली की चिमटा सुटतो, केप मागे राहते, मूल पुढे पळतं.

स्पायडरमॅनच्या जाळ्यासाठी मी लोकर विकत घेणार होते. बहिणीच्या सासूबाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, “पैसं कशाला घालतंस? आमचे घरान जाल हाय ना!” मागच्या पडवीत जुनं, वापरातून काढलेलं जाळं होतं. ते गोड्या पाण्यानं दोनदा धुतलं, दोन दिवस उन्हात टाकलं, शिंपल्यांचे तुकडे आणि माशांचे काटे बोटांनी चाचपून काढले. मग अंगणातल्या माडांना आणि चार खुंटांना जमिनीपासून दीड फुटावर ताणून बांधलं. नीट ताणलं पाहिजे. सैल राहिलं तर पाय गुंततात. मुलांनी त्याच्या खालून पोटावर सरपटत जायचं, जाळ्याला पाठ लागू द्यायची नाही. लागली तर शेजारच्यानं हात लावून सोडवायचं आणि दोघांनी मिळून पुढे जायचं.

स्पायडरमॅन पहिल्यांदा छापून आला 1962 साली, अमेरिकेत. पण मराठीत कोळी म्हणजे जाळं विणणारा किडाही आणि जाळं टाकणारा माणूसही. भाच्याला हे तिथेच, जाळ्याखाली पडल्या पडल्या उमगलं. डोकं बाहेर काढून त्यानं विचारलं, “म्हणजे आजोबा खरे स्पायडरमॅन?” आजोबा ओट्यावर बसले होते. ते काही बोलले नाहीत, उठून एक सुटलेला कोपरा पुन्हा बांधून गेले. त्यांची गाठ संध्याकाळपर्यंत हलली नाही.

फ्रिजच्या खोक्याची रिक्षा केली, काळी-पिवळी. सुपरमॅन जगासमोर आला तो 1938 साली, ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर मोटार डोक्यावर उचलून. आमच्या सुपरमॅननी रिक्षा डोक्यावर धरून अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायची होती. खोक्याचा तळ कापून टाकला होता, म्हणजे दोन लहान मुलं मिळूनही ते पेलू शकतात.

शक्तिमान मुलांसाठी नव्हता, त्यांच्या वडिलांसाठी होता. 1997 मध्ये दूरदर्शनवर तो सुरू झाला तेव्हा हे बाबालोक शाळेत होते. त्याच्यासारख्या जागच्या जागी तीन गिरक्या आणि मग जमिनीवर टाकलेल्या दोरीवरून सरळ चालत जायचं. मुलांपेक्षा त्यांचेच पाय जास्त वाकडे पडले, आणि मुलांना एवढं हसताना मी दिवसभरात दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

एक खेळ फसला. फुगे हवेत ठेवायचे, खाली पडू द्यायचे नाहीत, असा तो होता. जानेवारीतही मनोरीत दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो. निम्मे फुगे पाच मिनिटांत सुरूच्या झाडांत गेले, उरलेले कुंपणावर फुटले. फाटलेलं रबर वेचायला मुलांना लावलं, कारण ते पुढे खाडीतच जातं. समुद्रकाठी फुगे आणू नयेत, हे माझं आता ठाम मत आहे.

त्याच वाऱ्यामुळे लगोरीसाठी रचलेली बुटांची खोकीही पडायला लागली. मग प्रत्येकात दोन मुठी वाळू घातली, आणि सात मजली शहर उभं राहिलं. चेंडू मोज्यांचा, एकात एक घालून गुंडाळलेला. पाठीत बसला तरी लागत नाही. लगोरीसारखा सुपरहिरोंचा खेळ दुसरा नाही असं मला वाटतं. सिनेमात नायक आणि खलनायक मिळून शहर पाडतात आणि चित्रपट संपतो. पडलेल्या इमारती कोण उभ्या करतं ते कुणी दाखवत नाही. लगोरीत ज्यानं पाडलं त्यानंच, मागून चेंडू येत असताना, एकावर एक रचायचं असतं. एक नऊ वर्षांची मुलगी स्वतः चेंडू अंगावर घेत मागे उभी राहिली आणि तिच्या आडोशानं धाकट्यांनी शहर रचलं. तिला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं.

मधे विषामृत झालं. विष दिल्यावर गोठायचं, मित्रानं अमृत दिलं की सुटायचं. खलनायक मी होते आणि पंधरा मिनिटांत दमले.

शेवटी डबा ऐसपैस. यात गंमत वेगळीच झाली. डबा लांब फेकला जातो, राज्य असलेला तो आणून गोलात ठेवतो, तोवर सगळे लपतात. मग जो दिसेल त्याचं नाव घेऊन डब्यावर पाय ठेवायचा. नाव चुकलं की अंडं, आणि राज्य पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी नाव चुकावं म्हणून आम्ही शर्ट बदलायचो. इथे तर चौदाही जणांच्या तोंडावर पुठ्ठ्याचे मुखवटे आणि पाठीवर एकाच साडीच्या केप. राज्य होतं सर्वांत मोठ्या मुलावर. त्याला भिंतीमागे लाल मुखवटा दिसायचा, पण आत कोण आहे ते कळायचं नाही. चारदा अंडं झालं. पाचव्यांदा त्यानं उंची आणि चपला बघून ओळखायला सुरुवात केली आणि एकेक करत अकरा जण पकडले. पकडलेले सगळे ओट्यावर ओळीनं उभे. सूर्य सुरूच्या झाडांमागे उतरत होता, बोटीनं परत जाणाऱ्यांच्या आया घाई करत होत्या. तेवढ्यात पडवीतून, बाकीच्या जाळ्यांच्या ढिगाऱ्यामागून, एक सहा वर्षांची मुलगी धावत आली आणि तिनं डबा लाथाडला. अकराच्या अकरा सुटले. ती आदल्या वर्षी भिंतीला टेकून बसलेलीच मुलगी होती.

हिशेब असा: चार्ट पेपर 80 रुपये, इलॅस्टिक 40, पोस्टर रंग 150, चिमटे 90, फुगे 60, एकूण 420. त्यातले फुग्यांचे 60 वाचवता आले असते. मुखवटा आणि केप हीच मुलांना भेट म्हणून दिली, त्यामुळे वेगळी भेट घ्यावी लागली नाही.

तुम्ही करणार असाल तर डबा पत्र्याचा घ्या, प्लॅस्टिकचा वाजत नाही. फक्त त्याची कापलेली कड आधी पक्कडीनं आत वळवून घ्या.