मेटल डिटेक्टर हाती घेण्यापूर्वी

मागच्या कापूस वेचणीत भाभींच्या काळ्या पोतीतलं सोन्याचं पदक बदनापूरजवळच्या आमच्या शेतात कुठेतरी गळून पडलं. दोन दिवस घरातल्या सगळ्यांनी पऱ्हाटीच्या बुंध्यांशी बसून माती हातांनी चाळली, पण काही मिळालं नाही. शेवटी एका शिक्षक मित्राने हौसेने ऑनलाइन मागवलेलं मेटल डिटेक्टर आम्ही मागून आणलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पदक सापडलं. त्या तीन दिवसांत जे शिकलो आणि जो मनस्ताप झाला, ते दोन्ही सांगावंसं वाटतं. कारण हल्ली वर्गातली पोरंही या मशीनचे व्हिडिओ बघतात आणि विचारतात, ‘सर, आपल्याकडे खजिना सापडेल का?’

आधी मशीनबद्दल. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची. तिच्यात लोहखनिजाचे कण असतात, त्यामुळे नवं मशीन पावलोपावली उगाच किणकिणतं. जवळ धातू नाही अशा जागी चकती जमिनीकडे वरखाली करून ते आधी मातीशी जुळवून घ्यावं लागतं. मशीनवर त्यासाठी ‘ग्राउंड बॅलन्स’ची सोय असते. हे न केल्यामुळे आमचा पहिला दिवस वाया गेला. दुसरी चूक म्हणजे ‘कचरा नको’ म्हणून हलक्या धातूंचे आवाज बंद करून ठेवले. पातळ सोन्याचा आवाज आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातल्या ॲल्युमिनियमचा आवाज जवळपास सारखाच असतो. कचरा उकरायची तयारी नसेल तर सोनंही निसटतं. आम्ही गोळ्यांची पाकिटं, वखराचे बोल्ट, बैलाची नाल आणि बुटाचे खिळे मिळून अर्धी बादली काढली. त्यातला एक बोल्ट रोटावेटरमध्ये गेला असता तर पातं गेलं असतं, म्हणजे तेवढा फायदाच.

शेतात खुंट्या ठोकून दोरी बांधावी आणि दोन हात रुंदीच्या पट्ट्यांनी चालावं. चकती जमिनीला जवळजवळ टेकवून, सावकाश, मागची फेरी थोडी झाकत फिरवावी. मोबाइल लांब ठेवावा, विहिरीची मोटार बंद करावी, हातातलं कडं काढावं. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते. उन्हाळ्यात आपल्या जमिनीला ज्या भेगा पडतात त्यात पडलेली वस्तू त्याहून खाली जाते, म्हणून दागिना हरवल्यावर महिनाभर थांबू नये. खणायला खुरपं पुरे. टिकाव घेतला की वस्तूवरच घाव बसतो. आणि खड्डा लगेच बुजवावा. शेजारच्या चाचांचा बैल त्यात पाय घालणार नाही याची जबाबदारी आपलीच.

आता मनस्तापाचं. ‘रानात मशीन फिरतंय’ ही बातमी एका रात्रीत पसरली. दुसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस दारात आला. तुमच्या शेतात धन आहे, अमावस्येला काळी कोंबडी आणि रोख रक्कम द्या, जागा दाखवतो, म्हणाला. अब्बांनी त्याला पाणी पाजून रस्त्याला लावलं. पण गुप्तधनाच्या नादाने आपल्या मराठवाड्यात घरं बुडाली आहेत, हे विसरू नये. असले अघोरी प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहेत. म्हणून सल्ला असा की मशीन चालवण्याआधी शेतमालकाची परवानगी घ्या, ती स्वतःच्या भावाचीच जमीन असली तरी. पोलीस पाटलांच्या कानावर घाला आणि दिवसाउजेडी काम करा. रात्री बॅटरी घेऊन फिरणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?

व्हिडिओत दिसणारी मंडळी बहुतेक इंग्लंडची. तिथे या छंदासाठी वेगळी व्यवस्था आहे. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. जमिनीत दडवलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपयांचा आकडा आज हसण्यासारखा वाटतो, पण लपवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि त्याचा वाटाही जातो. रीतसर कळवलं, चौकशी झाली आणि निधीचा मूळ मालक निघाला नाही, तर वेगळा करार नसल्यास तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला, अशी तरतूद आहे. संरक्षित किल्ला, मकबरा, लेणी, जुनी पांढर अशा ठिकाणी मात्र मशीन नेऊच नये. तिथे परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी मोठी लढाई झाली. तिथल्या गोळ्या वेचायचा मोह होतो, तोही आवरावा.

हे केवळ कायद्यासाठी नाही. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. साठा एकत्र तपासता आला म्हणून कोणी कोणाला हरवलं ते उलगडलं. तीच नाणी एकेक करून सराफाकडे वितळली असती, तर आज इतिहासाच्या तासाला आम्ही काय शिकवलं असतं?

दीनी बाजूही आहे. वाटेत सापडलेल्या दुसऱ्याच्या वस्तूला लुकता म्हणतात. ती अमानत असते आणि तिची वर्षभर जाहीर विचारणा करायची असते. जुन्या दफिन्याला रिकाज म्हणतात, त्यात पाचवा हिस्सा काढावा लागतो. तपशील आपल्या आलिमांना विचारावा.

आम्हाला पदकाबरोबर एक तांब्याचं नाणंही मिळालं. अम्मी ते चिंचेने घासायला निघाल्या होत्या, त्यांना वेळीच थांबवलं. चिंच, लिंबू, राख यांनी अक्षरं जातात. साध्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने माती काढावी, बस. नाण्यावर तुघरा होता. धाकट्याने, ज्याला उर्दू अभ्यासाचा कंटाळा येतो, तासभर त्यावर डोकं घातलं आणि ‘दो पाई’ वाचून काढलं. निजामाच्या राज्यातलं हाली नाणं ते. इथे १९४८ पर्यंत, आणि नंतरही काही वर्षं, तेच चालायचं. मग त्याला सांगितलं की औरंगजेबाच्या नाण्यांवर औरंगाबादचं नाव ‘खुजिस्ता बुनियाद’ असं येतं आणि ‘जर्ब’ या शब्दाजवळ टांकसाळीचं गाव शोधायचं असतं. आता तो पाहुण्यांकडची जुनी नाणी मागत फिरतो.

दोन पैचं एकटं नाणं निधी म्हणावं की नाही, ते आम्ही ठरवायला बसलो नाही. जागा, तारीख आणि फोटो लावून जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज दिला. कचेरीतले कारकून आधी हसले, मग चष्मा लावून नाणं बघितलं आणि आमच्या प्रतीवर पोच दिली. ती पोच नाण्यासोबत पाकिटात ठेवली आहे. मशीन मित्राला परत केलं. भाभींनी पदकाला नवी, जाड कडी बसवून घेतली.